रचनाकार अज्ञात

भिंगार, मंगळवार

तीर्थस्वरूप नारायणदादा यांस,

सुहासचा वाकून (कंबर परवानगी देते तितपत) नमस्कार. गुडघा कसा आहे? श्रीगोंद्यात उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या की धुरळ्याने तुमचा खोकला उठतो. उठला असेल तर बसला का, तेही कळवा. आमच्या साखरपुड्यापासून तुम्ही माझ्याशी कामापुरतंच बोलता, तरी मेहुण्याच्या प्रकृतीची चौकशी करायला अजून परवाना लागत नाही, म्हणून करतो. बाकी सगळ्याला लागतो, हे मी नुकतंच शिकलो.

निवृत्त शिक्षकाने गप्प घरी बसावं, पण मी भिंगारच्या बाजारातल्या मच्छिंद्र टेलरवर अठरा मिनिटांचा माहितीपट केला. (हा माणूस चाळीस वर्षं फौजींचे गणवेश शिवतो आणि एकाही फौजीला वेळेवर देत नाही.) संकलन तुमच्या भाचीने, यामिनीने केलं. ती म्हणाली, दुकानात रेडिओ वाजतोय, ही गाणी चालणार नाहीत. मला वाटलं, खरखर आहे. तसं नव्हतं. गाणं हा एक हक्क, त्याचं ध्वनिमुद्रण हा दुसरा, आणि दोन्हींची लेखी परवानगी हवी. आयुष्यभर ऐकत आलेल्या माणसाला मात्र कसलाच हक्क नाही. पुन्हा शूटिंगला गेलो आणि रेडिओ बंद करायला सांगितला. मच्छिंद्र म्हणाला, "गाण्याबिगर माझा टाका सरळ पडत न्हाई, गुरुजी." ते खरं निघालं. एका सुभेदाराच्या पँटला त्याने दोन्ही खिसे एकाच बाजूला लावले आणि सुभेदार आल्यावर माझ्याकडे बोट दाखवलं.

मग गाण्याच्या कंपनीलाच लिहिलं. मोठी माणसं, उत्तराऐवजी पंधरा पानी फॉर्म आला. चित्रपट जगातल्या कोणकोणत्या प्रदेशांत दाखवणार? मी लिहिलं, भिंगार, जमल्यास नगर. परवाना किती काळासाठी हवा : एक वर्ष, पाच वर्षं की अनंतकाळ? रक्तदाबाची गोळी घेऊन मी अनंतकाळावर खूण केली. उत्तरालाही बहुधा तेवढाच वेळ लागेल. नंतर इंटरनेटवरचं फुकट संगीत लावून पाहिलं. दुसऱ्याच दिवशी तेच संगीत पाण्याच्या टाकीच्या जाहिरातीत, एका भावी सरपंचाच्या वाढदिवसाच्या व्हिडिओत आणि त्याच्याच आजोबांच्या श्रद्धांजलीत ऐकलं.

नगरच्या लघुपट महोत्सवाची मुदत उद्यावर आली होती. शेवटी कुणाची कटकट नसलेली एक जुनी, पेटीवरची चाल लावली, फॉर्मवर 'पारंपरिक, रचनाकार अज्ञात' असं लिहिलं आणि पाठवून दिलं. चित्रपट निवडला गेला. मात्र हल्ली लोक दुसऱ्याचं संगीत किती बिनदिक्कत उचलतात, हे पाहून मन विषण्ण होतं.

आपला,
सुहास

ता. क. : ती पेटी तुमची आहे. साखरपुड्यात तुम्ही स्वतः बांधलेली चाल वाजवली होती, ती कॅसेट तुमच्या बहिणीने, सुचित्राने जपून ठेवली आहे. ध्वनिमुद्रण माझ्या टेपरेकॉर्डरवर झालेलं असल्यामुळे त्या हक्काची परवानगी मी मला देऊन टाकली. चालीची तेवढी राहिली. परवानगीपत्र सोबत जोडलं आहे. सही करताना कृपया मागच्या महिन्यातली तारीख घालावी.

ता. क. २ : परीक्षकांचं पत्र आलं. माझ्या चित्रपटावर एक ओळ, चालीवर अर्धं पान. रचनाकार शोधून त्याची परवानगी आणा, नाहीतर रविवारी चित्रपट दाखवणार नाही, म्हणतात. सुचित्राने माझा फॉर्म वाचला. तुमचं नाव खोडून तिथे अज्ञात लिहिणाऱ्याला जेवायलाही अज्ञात माणसानेच वाढावं, असं तिचं म्हणणं पडलं. चार दिवस डबा बाहेरून येतोय.

ता. क. ३ : कॅसेटच्या शेवटी मी मोठ्याने हसलोय आणि पेटीला पडसं झालंय, असं चारचौघांत म्हणालोय. यामिनीने तेवढा भाग कापला. तुम्ही तो मनात इतकी वर्षं ऐकत असाल. त्या दिवशी मी चुकलो, दादा. चाल सुंदर आहे. मच्छिंद्रला ऐकवली, तर त्याने आपण होऊन रेडिओ बंद केला आणि मशीन सुरू केलं. टाका सरळ पडला. परवानगीपत्रातला मोबदल्याचा रकाना कोरा ठेवता येत नाही, म्हणून त्यात 'रविवारी मंचावरून जाहीर माफी' असं लिहिलं आहे. माफी ऐकायला समोर या. आणि मागची तारीख नको, खरी तीच घाला.