चूक दिसली की बोट वर

निगडी प्राधिकरण,
१८ फेब्रुवारी २०२५

प्रिय ज्योतीराम,

सप्रेम नमस्कार. तुझे फोन येऊन गेले. उचलले नाहीत, रागावू नकोस. सध्या फोनवर मला धड बोलता येत नाही, आणि तुझ्याशी तर मुळीच येणार नाही. म्हणून पाकीट आणवलं. औशाला अजून टपाल पोचतं असं धरून चालतो.

गुडघे कसे आहेत? हरभरा निघाला का? इकडे उन्हं आताच तापायला लागलीत. रस्ता मेट्रोसाठी खोदून ठेवलाय, धुळीमुळे खिडकी उघडायची सोय नाही, पंख्याशिवाय घरात बसवत नाही. सुखदा बंगळुरूहून आली आहे. जेवण शेजारच्या वर्षालीकडून येतं. पोरगी गुणी, पण आमटीत साखर घालते. तुझ्या वहिनीनं नाक मुरडलं असतं.

तुला खरं तर सिनेमांबद्दल लिहायचं आहे.

चिंचवडची आपली ती खोली आठवते ना? कंपनीच्या टूलरूममध्ये आठवडाभर घासून रविवारी आपण पिंपरी कॅम्पातून व्हीसीआर भाड्यानं आणायचो. तू लुनावर मागे बसून तो मांडीवर तान्ह्या पोरासारखा धरायचास. कॅसेटी मात्र दुकानदार टाकून देईल असल्या. भुताखेतांच्या, नाहीतर परग्रहावरच्या. चांगला सिनेमा बघायला आपण थोडेच बसत होतो! आपल्याला चुका हव्या असायच्या. राक्षसाच्या पाठीवरची चेन, हडळीच्या मनगटावरचं घड्याळ. पहिली चूक ज्याला दिसेल त्यानं बोट वर करून ओरडायचं आणि हरलेल्यानं उठून चहा ठेवायचा. मृत्युकिरण सोडणारं ते यंत्र बघून तू खोली डोक्यावर घेतली होतीस, "अरे, हे तर आपल्या ड्रिलचं चक हाय की!" आणि अंतराळयानाच्या टोकावर कुकरचं झाकण बसवलंय, हे अरुंधतीनं पकडलं होतं. शिट्टीसकट. आमच्या लग्नाला वर्ष झालं नव्हतं, आणि ती आपल्या दोघांनाही हरवायची.

भीती वाटणं आपल्या तिघांना कधी जमलंच नाही.

दिवाळीत तिला झटका आला, हे तुला ठाऊक आहे. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, त्यांना किती कळतंय सांगता येत नाही, तुम्ही बोलत राहा. आता मी काय बोलणार? आमच्या घरात बोलण्याचं खातं तिच्याकडेच होतं. मी आपला उशाशी बसून पेपर वाचून दाखवायचो आणि ती छताकडे बघायची. ती आत आहे की नाही, हेच मला कळेना.

मग सुखदानं सांगितलं, बाबा, तुमचे ते भंगार सिनेमे आता घरातल्या टीव्हीवर दिसतात. एका दुपारी चेनवाला राक्षस लावला. तो पाठ फिरवून गुहेत शिरतो ना, तिथे तिच्या डाव्या हाताचं बोट चादरीवरून वर आलं. ज्योतीराम, मी "चूक!" म्हणून असा ओरडलो की वर्षाली धावत आली. मग चहा केला आणि तिला चमच्यानं पाजला. त्या चहाइतकं मला आयुष्यात काही गोड लागलेलं नाही.

त्यानंतर रोज दुपारी आमचा खेळ. बोट वर आलं की मला पुरायचं. ती आत आहे, सगळं बघते आहे, मला हरवते आहे.

संक्रांतीला तू येतो म्हणालास तेव्हा मी म्हटलं, आता नको, उन्हाळ्यात ये, तोवर ती उठून बसेल. मला तसंच वाटत होतं रे. शपथेवर सांगतो.

पुढे बोट उशिरा उठायला लागलं. मग एकदा कुकरचं झाकण येऊन गेलं आणि बोट हललंच नाही. म्हटलं, दमली असेल. मागे घेऊन पुन्हा लावलं. पुन्हा लावलं. घड्याळवाल्या हडळीला तर मी स्वतःच तिचं बोट धरून वर केलं, "चूक" म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवला. तो उकळून उतू गेला तरी मी तिथेच उभा होतो.

गुरुवारी दुपारी तिचा हुकमी सिनेमा लावला. शास्त्रज्ञाचं प्रेत टेबलावर पांढरं कापड टाकून ठेवलेलं असतं, तो. त्यावरून तुमची भांडणं व्हायची. ती टीव्हीच्या काचेवर बोट टेकवून म्हणायची, "भावजी, मढं श्वास घेतंय! उठा, चहा ठेवा." आणि तू जागचा हलायचा नाहीस. "कुठं घ्यायलंय, वहिनी? वाऱ्यानं कापड हालायलंय."

प्रेत आलं. पोट वरखाली होत होतं, अगदी तेव्हासारखंच. मी तिच्या बोटाकडे बघितलं. मग तोंडाकडे. मग तिच्या पोटावरच्या चादरीकडे. चादर हलत होती. माझा जीव भांड्यात पडला. नुसती डोळा लागून झोपली आहे, असं वाटलं.

आणि तुझं ते बोलणं आठवलं.

उठलो आणि पंखा बंद केला. चादर हलायची थांबली.

टीव्हीवरचं मढं श्वास घेतच होतं. मी तिच्या चादरीकडे बघत बसलो. इतक्या वर्षांची सवय, म्हटलं नीट बघितलं की कुठेतरी चूक सापडतेच. सिनेमा संपला तरी बघत होतो. नाही सापडली. एवढं चोख काम मी कुठल्याच सिनेमात बघितलेलं नाही.

आता घरात माणसं आहेत, सुखदा आहे, पण मला कोणाशी बोलावंसं वाटत नाही. सगळे म्हणतात, सुटली बिचारी. सुटली असेल. मी नाही सुटलो. दुपार झाली की पंख्याचं बटण दाबायला माझा हात धजत नाही, घामाघूम होऊन बसतो. पुढे काय करायचं ते मला ठाऊक नाही आणि काही करावंसं वाटतही नाही.

तेराव्याच्या गर्दीत येऊ नकोस. सगळे पांगले, सुखदाही गेली, की ये. मला त्या दिवसांची फार भीती वाटते.

पत्राच्या डोक्यावर 'श्री' नाही, हे तुला पाकीट फोडल्याबरोबर दिसलं असेल. सुतकाच्या पत्रावर तो लिहीत नाहीत. पण तुझी नजर माझ्यापेक्षा चांगली. एकदा बोट वर कर आणि ही चूक आहे म्हण. चहा मी ठेवतो.

तुझा,
नंदकिशोर