पंचवीस बैठका

आबा, तुम्हाला जाऊन आता वीसहून जास्त वर्षं झाली आणि लिहायला बसले ती बिद्रीच्या अलीकडच्या एका गावात, शाळेच्या व्हरांड्यात, पायातले बूट काढून. दोन्ही टाचांना फोड आलेत. दाजीपूरच्या जंगलापासून चालत निघालेय, कुरुंदवाडला संगमावर पोचायचंय, आज चौथा दिवस. तुम्ही असता तर विचारलं असतं, "एसटी बंद हाय काय?" एसटी चालू आहे. मी मुद्दाम चालतेय आणि पोचल्याशिवाय थांबणार नाही. आपल्या धाकट्याला, माझ्या भावाला, होता तोच आजार असलेली पोरं अजून गावोगाव आहेत. स्नायू झिजवत नेणारा, रक्तातून आलेला. त्यांच्यासाठी कोल्हापुरात एक खोली उभी करायची आहे, जिथं हातपाय मोकळे ठेवायला शिकवणारं कुणीतरी रोज असेल, चाकाच्या खुर्च्या असतील. माझ्या सॅकवर एक चौकोनी कोड चिकटवलाय. लोक मागून येऊन मोबाईल धरतात आणि पैसे पाठवतात. दूध न घालताच पैसे घेते म्हणून तुम्ही मला हसला असता.

काल उसाच्या ट्रॉल्या चुकवत चालताना आपला गोठा आठवत होता. संध्याकाळी म्हशी घेऊन आपण दूधकट्ट्यावर जायचो. गिऱ्हाईक समोर उभं राहायचं, तुम्ही त्याच्या डोळ्यांदेखत धार काढायचा आणि फेसाचा पेला तसाच गरम त्याच्या हातात. पण पहिला पेला धाकट्याचा, बदाम घातलेला. तो पीत असतो, ओठांवर फेस, आणि तुम्ही त्याची चड्डी गुडघ्यावर सरकवून लोकांना दाखवताय, "पोटऱ्या बघा की. सा वर्साचं हाय." तालमीत आयुष्य घालवलेली माणसं त्या दाबून बघतात, माना डोलवतात. दुसऱ्या एखाद्या गावात एवढ्याशा पोराच्या असल्या जाड पोटऱ्या बघून कुणाच्या तरी मनात आजाराची शंका आली असती. आपल्याकडे तुम्ही त्याच्या मापाचा तांबडा लंगोट शिवून आणलात.

मग बैठका सुरू झाल्या. सकाळी तुम्ही धारा काढायला बसायचा आणि मोजायचं काम माझ्याकडे. मी नऊ वर्षांची. रोज पंचवीस मारायच्या असा तुमचा हुकूम. तो खाली बसायचा तो बरा बसायचा, उठताना मात्र आधी हात गुडघ्यावर, मग मांडीवर, असा स्वतःच्याच अंगावर चढत उभा राहायचा. तुम्ही म्हशीआडून ओरडायचा, "सोंग करतंय. एवढं दूध जातंय कुठं ह्येचं?" तो रडत नसे. पुढची बैठक मारायला वाकायचा.

मिरजेच्या डॉक्टरांनी सगळं सांगितलं तेव्हा मी तिथंच होते. असल्या पोरांना जोराचा व्यायाम द्यायचा नसतो, स्नायू आणखी तुटतात, असं ते म्हणाले. तुम्ही विचारलंत, "मग म्या बैठका मारून घेतल्या, त्येचं काय?" डॉक्टर कागद चाळत राहिले. नंतर कधी तालमीची पायरी चढला नाहीत आणि दहावी होईस्तोवर त्याला पाठीवर घालून शाळेत नेलंत. एकोणिसाव्या वर्षी तो गेला. आणि मी तुमच्यावर डूख धरून राहिले. तुम्हीच त्याला लवकर मोडलंत असं मला वाटायचं. शेवटी तुम्ही दवाखान्यात होता तेव्हा मी डबा आणायचे, ठेवायचे आणि पाच मिनिटांत उठायचे. तुम्हाला ते कळत होतं. मला त्याची लाज वाटते.

आज सकाळी ह्या शाळेत गावातली चार माणसं जमली होती. मी आजाराबद्दल सांगत होते, तेवढ्यात एक ट्रॅक्टरवाला सात वर्षांच्या पोराला पुढं करून म्हणाला, "ताई, आजारी पोरांचं ऱ्हाऊ दे. आमचं बघा की. पोटऱ्या बघा. पैलवान करणार हाय ह्येला." मी पोराला म्हटलं, "बाळा, खाली बस आणि ऊठ बघू." तो बसला. मग हात गुडघ्यावर, मग मांडीवर. दाराशी त्याची थोरली बहीण उभी होती, ती म्हणाली, "पप्पा, आज बी ह्येनं धाच मारल्या."

ह्यालाही तोच आजार असेल असं मी सांगितलं तसा तो माणूस भडकला. "तुमी डाक्टर हाय काय?"

"न्हाय. असल्या पोराची बहीण हाय. माझं चुकलं तर बरंच हाय, पण दाखवायला न्या."

"जावा तुमच्या वाटंनं."

मी पायरीवर बसले. म्हटलं, तुमी डॉक्टरला फोन लावल्याबिगर मी हितनं उठत न्हाय. तो ट्रॅक्टरवर जाऊन बसला, पण चालू केला नाही. बऱ्याच वेळानं खाली उतरून आला आणि हळू आवाजात विचारलं, "म्या तर रोज मारून घेतोय. त्येचं काय?"

तेच शब्द, आबा. मी म्हणाले, "तुमास्नी ठावं नव्हतं. आता ठावं झालं. आता न्हाय मारायच्या." त्यानं माझ्यासमोर फोन लावला. सोमवारी पोराला घेऊन जाणार आहे, आणि सोमवारी मी त्याला विचारणार आहे. जे एका परक्याला मी चटकन सांगून टाकलं, ते तुम्हाला इतक्या वर्षांत सांगितलं नाही.

मग ती पोरगी नळापाशी रडताना दिसली. "मी सांगायची म्हणून पप्पा मारायचं त्येला," म्हणाली. तिला जवळ घेतलं, तिचं तोंड धुतलं. मग तुम्हाला लिहायला बसले. हे पत्र टाकायला पत्ता नाही. घडी करून सॅकमध्ये ठेवीन आणि उद्या कळंब्याकडं निघेन. पण एक राहिलं.

एके दिवशी धाकट्यानं पंचवीस पुऱ्या केल्या होत्या. घामानं निथळत माझ्याकडे बघून हसला होता. तुम्ही विचारलंत, "किती?" मी अठरा सांगितल्या. पहिला पेला रोज त्यालाच मिळायचा म्हणून. तुम्ही त्याच्या पाठीत धपाटा घातलात आणि वर सात मारून घेतल्यात. प्रत्येक वेळी उठताना तो माझ्याकडे बघत होता. त्यानं तुम्हाला कधीच सांगितलं नाही, आणि मीही नाही. त्या सात बैठका तुम्ही नाही, आबा, मी मारून घेतल्या.