बिल्ल्यावरचं नाव

१३ जुलै १९९२
बिल्ला मिळाला! पांढरा, प्लास्टिकचा, मागे पिन. भिवंडीच्या या कचेरीत शिपाई म्हणून लागल्यापासून मी सगळ्यांची 'ए मावशी'. आज कामासाठी आलेला एक लूमवाला, यंत्रमागाचा मालक, बिल्ला वाचून म्हणाला, "तुळजाबाई, साब हैं क्या?" मी मागे वळून पाहिलं — कोण तुळजाबाई!
माझं नाव, मधे ह्यांचं, मग भोईर. हे वारले म्हणून तर त्यांच्या जागेवर मी लागले. दिवसभर हात बिल्ल्याकडेच जात होता.

१४ जुलै
कोन गावात घरी आले तर सासूबाईंनी बिल्ला मागून घेतला. वाचता येत नाही. "यात त्याचं नाव कुठं हाय?" मी बोट ठेवून दाखवलं. चहा गार झाला तरी अक्षरांवरून बोट फिरवत होत्या.

२० जुलै
दत्तू शिपायाने घोळ केला. आपला बिल्ला भावाच्या, बाळारामच्या छातीवर लावून त्याला पाठवला, स्वतः घरी झोपला! साहेब भडकले. उद्यापासून फाटकावर बिल्ला दाखवायचा आणि पूर्ण नाव तोंडाने सांगायचं. तरच हजेरी.
तोंडाने? नवऱ्याचं नाव? लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच!

२१ जुलै
"तुळजा..." पुढे जीभच उचलेना. मागे रांग. साहेब म्हणाले, "बाई, बिल्ला तुमचाच ना?" गैरहजर.

२२ जुलै
आजही तेच. केसरीनाथ कारकून हळूच म्हणाले, "ताई, अशाने नोकरी कायम होणार नाही." घर माझ्याच पगारावर चालतं. घरी येऊन रडले, सगळं सांगितलं. वाटलं, सासूबाई म्हणतील, नोकरी गेली तरी चालेल, पण नाव घ्यायचं नाही.
 पण त्या म्हणाल्या, "थोरल्या पोराचं नाव आईनं घ्यायचं नसतं, म्हनून मी बी कवा घेतलं न्हाय. बाळ म्हनायची. तू घेत न्हाय, मी घेत न्हाय. मंग तो गेला, तसं त्याचं नाव बी गेलं का गं?"
केवढी ही बाई!

२३ जुलै
सांगितलं! पूर्ण! साहेबांनी नुसती मान हलवली आणि पुढच्याला बोलावलं. त्यांना काय कळणार!
सासूबाई दारातच उभ्या. "बोललीस?"
"बोलले."
"मोठ्यानं?"
"मोठ्यानं."

२४ जुलै
सकाळी बिल्ला लावत होते. मागून सासूबाईंनी हाक मारली — आयुष्यात पहिल्यांदा आपल्या पोराच्या नावाने — "राघो!"
मी ओ दिली.