डेअरीवरून येणारी वाट

हुबळी, रविवार

आप्पा, पाया पडते.

मी बरी आहे. इथंही ज्वारीची भाकरी मिळते, फक्त पापडासारखी पातळ. फोन तुम्ही स्पीकरवर लावता अन् सगळं घर ऐकतं, म्हणून लिहितेय.

सध्या आमचं काम विद्यापीठापाशी चाललंय. जलद बसचा थांबा कुठं करायचा, पोरं तिथवर कुठून चालत येतील, ते ठरवायचं. मागच्या झाडीतून जवळची पायवाट आहे, म्हणून साहेबांनी नकाशावर तिच्या तोंडाशीच थांबा दाखवला होता. मी आठवडाभर तिथं उभी राहिले. पायवाटेनं सगळी मुलंच यायची. मुली दुकानांवरून वळसा घालून यायच्या. मी थांबा दुकानांकडं सरकवला. साहेबांनी कारण विचारलं, तर "तिकडं दिवे आहेत," एवढंच सांगितलं. त्यांना पटलं.

शिरूरच्या कॉलेजातून येताना मीही फाट्यावर उतरून उसातली वाट सोडायचे अन् डेअरीवरून यायचे. "कुठं रेंगाळलीस?" म्हणून तुम्ही रागवायचात. मी म्हणायचे, एसटी लेट होती. एसटी वेळेवर असायची, आप्पा.

आईचा गुडघा कसा आहे? कालवड दावं तोडायची थांबली का?

आता आपली धाकटी साधना कॉलेजातून त्याच एसटीनं येते. तिला उशीर झाला तर काही विचारू नका. डेअरीपर्यंत चालत जात जा, तेवढेच पाय मोकळे होतील.

अन् फाट्याकडच्या उसाला तोड कधी येणार, ते कळवा.

तुमची,
अनिता