लाल रेघेखालची घरं

मंगळवार, संध्याकाळ

कॉलेजच्या मुलींची हॉकी स्पर्धा यंदा आमच्या कुंडलला व्हावी, म्हणून आज साताऱ्याला अर्ज घेऊन गेले. ठिकाण ठरवणाऱ्या समितीच्या अध्यक्षांनी मैदानाबद्दल चकार शब्द काढला नाही. निवासाच्या रकान्यात मी 'घरोघरी' लिहिलं होतं, त्याखाली त्यांनी लाल रेघ मारली आणि ते हसले. "मॅडम, स्पर्धा आहे, लग्न नव्हे. नव्या फॉर्मवर लॉज लिहून आणा."

लॉज कुठून आणू? आणि का आणू? गावात लग्न असलं की वऱ्हाड घरोघरीच उतरतं. मग माझं चुकलं कुठं? येताना एसटीत ती लाल रेघच डोळ्यांपुढे.

शेजारच्या रिटायर सुभेदारांना अर्ज दाखवला. चष्मा लावून त्यांनी तो दोनदा वाचला.

"आवं मॅडम, रेघ मारली, शब्द कुठं खोडलाय? त्याच्याखाली घरांची नावं लिवा. पयलं माझं. चार पोरी माझ्याकडं, पन त्यात गोलकीपर पायजेच."

मग दोघं दारोदार फिरलो. आता कागदाची मागची बाजूही भरलीय. नवा फॉर्म घेणार नाही. उद्या हाच अध्यक्षांच्या टेबलावर ठेवणार. हसायचंच असेल, तर एकेक नाव मोठ्यानं वाचून हसा म्हणावं.