भट्टीचं मीठ

आई, तुझ्या वांग्यांना काय झालं होतं ते मला माहीत होतं. एवढंच सांगायचं आहे. तू होतीस तोवर हे वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही, आणि तुला जाऊन आता सात वर्षं होतील. आज गुरुवार, कंपनीला सुट्टी आहे. जेवून मुलं आडवी झाली आहेत, म्हणून कागद घेऊन बसलो.

बाबांना नोकरी लागली आणि आपण निघोज्याहून चिंचवडला आलो, तेव्हा खोल्यांच्या मागे नुसती खडी आणि मुरूम होता. मोरीचं पाणी जायचं तिथपासून नाल्यापर्यंतची ती पट्टी तू काळी केलीस. मागच्या गोठ्यातून पाटीने शेण आणायचीस, चुलीची राख टाकायचीस. मोरीजवळ अळू, पुढे मेथीचे दोन वाफे, कुंपणावर घेवडा आणि मधोमध वांगी. चाळीत कुणी दोडक्याचा वेल लावायचा म्हटलं तरी पहिलं बी तुझ्या हातून पडायचं. शेजारच्या काकू म्हणायच्या, "वहिनी, तुमच्या हाताला गुण हाय." तू पदराला हात पुसत म्हणायचीस, "गुन कसला, श्यान हाय हाताला." पण तुला ते आवडायचं. एरवी कुठे न जाणाऱ्या बाईला चाळीतल्या प्रत्येक दारातून बोलावणं यायचं, ते या एकाच कारणासाठी.

दुष्काळ नुकताच सरला होता. गोठा उठला, तिथे कारखान्याची शेड उभी राहिली आणि शेण मिळेनासं झालं. वांग्याची पानं खालून पिवळी पडायला लागली. काकूंच्या रेडिओवर शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात सांगत होते की नत्र कमी पडलं की असं होतं. तू मला विचारलंस, "नत्र म्हंजी काय रं?" मी आयटीआय करून नुकताच कारखान्यात हीट ट्रीटमेंटला, लोखंड तापवून कडक करायच्या खात्यात, लागलो होतो. मी तुला युरिया, अमोनियम सल्फेट, नायट्रेट, सगळं समजावून सांगितलं. नत्र पानांना लागतं, जास्त झालं तर झाड नुसतंच माजतं, फळ धरत नाही, हेही सांगितलं. तू म्हणालीस, "मंग आन की थोडं." मी चाकणला सोसायटीत गेलो. खताची टंचाई होती, मोठी रांग होती. माझी पाळी आली तेव्हा तिथल्या माणसाने सातबारा मागितला. मी म्हटलं, घरामागे भाजी लावली आहे. मागून कुणीतरी म्हणालं, "राव, ह्ये कुंडीला युरिया न्यायला आलंय!" सगळी रांग हसली. मी रिकामी पिशवी घडी करून परत आलो.

आमच्या खात्यात लोखंडाचे भाग वितळलेल्या मिठात बुडवतात. जेवणातलं मीठ नव्हे. त्याच्या पिंपावर नायट्रेट असं लिहिलेलं असायचं. जुनं झालं की ते भट्टीतून काढून मागच्या पिंपात टाकत, तिथे थिजून त्याचे दगड होत. नायट्रेट म्हणजे नत्र, एवढंच माझं शिक्षण. मिस्त्री मला एकदा म्हणाले होते, "भावा, ते हातानं उचलू नको, कातडं जाईल." तरी मी चार दिवस जेवणाच्या डब्यात भरून ते घरी आणलं आणि हातोडीने फोडलं. तू विचारलंस, "कुटनं आनलंस?" मी म्हणालो, "चाकणहून." तू ते बोटांत चुरून पाहिलंस. "युरिया असा नसतो." मी म्हणालो, "हे नवीन निघालंय." 

मला ते अजून दिसतं. तू ओणवी होऊन प्रत्येक बुंध्यापासून वीतभर सोडून गोल चर काढतेस, त्यात मूठ मूठ टाकतेस, माती ओढतेस, तांब्याने पाणी घालतेस. आठ दिवसांत पानं गर्द हिरवी झाली. तू काकूंना हाताला धरून बघायला घेऊन आलीस. मग पानांच्या कडा करपल्या. शेंडे मान टाकायला लागले. मातीवर पांढरी खपली धरली. तुला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून तू सार्वजनिक नळावरून हंडे आणून ओतत राहिलीस.

मी मिस्त्रींना विचारलं. ते आधी हसले, मग हसायचे थांबले. "आरं, नायट्रेट हाय, पन भट्टीचं मीठ हाय त्ये. दुसऱ्या भट्टीचं इखारी मीठबी त्याच पिंपात पडतंय. तिथं आता कुसळ उगवायचं न्हाई. कुनी खाल्लं तर न्हाई ना?" मी शिफ्ट सुटायची वाट न बघता निघालो. सायकल भिंतीला टेकवली आणि स्वयंपाकघरात शिरलो. ताई सातव्या महिन्यात माहेरी आली होती. त्या झाडांवर राहिलेली चार वांगी तू तिच्यासाठी तोडली होतीस. चिरा देऊन, मसाला भरून पातेल्यात लावत होतीस. मी ते पातेलं तुझ्या हातातून ओढून घेतलं, मागे गेलो आणि नाल्यात उपडं केलं. म्हणालो, "यातलं कुणी काही खायचं नाही."

तू विचारलंस, "का रं?" ताईही बघत होती. मला फक्त सांगायचं होतं. आई, ते मीठ मी कारखान्यातून आणलं होतं. एवढे शब्द पुरले असते. मी मोरीवर हात धूत राहिलो. माझी पाठ तुझ्याकडे होती. वळलो तेव्हा तू स्वतःचे दोन्ही हात समोर धरून बघत होतीस. तेव्हाच मला कळलं होतं तू काय समजलीस ते.

त्यानंतर टाकलेली मेथी उगवली नाही. घेवडाही नाही. काकू भोपळ्याचं बी घेऊन आल्या तर तू दारातूनच म्हणालीस, "दुसऱ्या कुनाकडनं टाका. माजा हात गेला." त्यांना वाटलं तू थट्टा करतेस. "आवो वहिनी, हात काय पाहुना हाय का जायला?" तू हसली नाहीस. ताईच्या डोहाळजेवणाला ओटी भरायची वेळ आली तेव्हा तू नारळ काकूंपुढे सरकवलास. ताई रडायला लागली. "आई, तू असताना त्यांनी का?" तू म्हणालीस, "पोटात लेकरू हाय बाई. माजा हात नको." मी दारात शेजाऱ्यांकडून आणलेल्या दोन खुर्च्या धरून उभा होतो. नात झाली, तिची पहिली घुटीसुद्धा तू काकूंना उगाळायला लावलीस. बाबा म्हणायचे, वयाने होतं असं. तू तेव्हा पन्नाशीचीही नव्हतीस.

मग दोन वर्षांनी तू दवाखान्यात होतीस. दुपारची वेळ होती, आपण दोघंच होतो. तू मला सरळ विचारलंस, "आरं, काय चुकलं आसंल माजं? कुनाचं वाईट तर केलं न्हवतं." त्याहून चांगली वेळ मला मिळणार नव्हती, हे मला तेव्हाही समजत होतं. मी म्हणालो, "पाण्यात काहीतरी असेल गं." तू डोळे मिटलेस. "उगं समजूत घालू नगंस." तिसऱ्या दिवशी तू गेलीस. दहाव्याला चाळीतल्या बायका तुझ्या हाताच्या गोष्टी सांगत होत्या, आधीच्या चांगल्या आणि मग हळू आवाजात नंतरच्या. मी त्यांच्यात बसून मान हलवली.

ताईला मी अजून सांगितलेलं नाही. आईने आपली ओटी भरली नाही, ही गोष्ट ती आपल्या मुलीला सांगते, मी ऐकतो. हे कागद तिला तरी द्यावेत असं लिहायला बसलो तेव्हा वाटत होतं. आता वाटत नाही. बायको मघाशी चहा ठेवायला उठली तेव्हा तिने विचारलं, एवढं काय लिहिताय. मी म्हणालो, रजेचा अर्ज.