चपलांजवळची जागा

दारव्हा तालुका,
सोमवार, दि. १२ मार्च २००७

चि. अर्पिता हिला आजी तानाबाईचे आशीर्वाद. घ्यायचे तर घे, नाही तर मामाच्या म्हशीला दे. पाठवायचं काम माझं.

तुझं कार्ड पोचलं. चौदा महिन्यांतलं पहिलं, तेही एका ओळीचं. ‘आजी, तू चर्चमध्ये जातेस असं मामा म्हणाला. तुला लाज वाटत नाही का?’ अक्षर फार वळणदार आहे म्हणतात. मला तर मुंग्यांची रांग दिसते, पण शिस्तीची रांग आहे, कोणी कोणाच्या अंगावर चढत नाही. कार्ड चोळीत ठेवलं होतं. घामानं मुंग्या पसरल्या, तरी मला पाठ आहे.

हे पत्र नलू लिहून राह्यली. पाळकांची बायको. लग्नाआधी शाळेत शिकवायची, म्हणून मी ‘मले’ म्हटलं की ती ‘मला’ लिहिते. लिहू दे. पण मी बोलेन त्यातलं काही गाळायचं नाही, अशी तिला येशूची शपथ घातली. ती म्हणाली, “आजी, आमच्यात शपथ घेत नाहीत.” म्हटलं, “मग नुसतं हो म्हण.” हो म्हणाली. पुढं तिचा हात थांबेल, तेव्हा तिला हे ‘हो’ आठवून देईन.

इकडची खबर अशी. ऊन आतापासूनच डोक्यात शिरतं. शेजारच्या चंदाबाईनं कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटून अंगणात रचल्या, त्यांच्यात विंचू निघाला, तिनं विंचवाला घातलेल्या शिव्या अख्ख्या गावानं ऐकल्या. तुझी पांढरी शेळी व्यायली, दोन पिल्लं, दोघंही आगाऊ. माझे समोरचे दोन दात होते ना, त्यातला एक गेला. आता उरलेला एकटाच राजा आहे. कसा गेला ते सांगते, घाई नको करू.

पहिलं तुझ्या प्रश्नाचं. मी किरिस्ताव झाले नाही. या उन्हात कोणी पाण्यात बुडवलं तर मी नाही म्हणणार नाही, पण पाळक आधी विचारतात, “विश्वास आहे का, आजी?” मी म्हणते, “नाही.” दर दोन-तीन महिन्यांनी विचारतात, मी तेच सांगते, मग आम्ही चहा पितो. कुमारीला पोरगं झालं म्हणतात. म्हटलं, झालं असेल, आमच्या गावातही झालं होतं, पण तिच्याकडं भेटी घेऊन कोणी आलं नाही, दगड घेऊन आले. भाकरीचा तुकडा वाटतात तोही मी घेत नाही. तो विश्वासवाल्यांचा. आणि मेलेला तिसऱ्या दिवशी उठला, हे तर मला मुळीच पटत नाही. मी पाळकांना म्हटलं, “तुमच्यात तिसऱ्या दिवशी उठतात, आमच्यात तिसऱ्या दिवशी राख सावडतात.” त्यांनी माझ्या कपात आणखी चहा ओतला. चांगला माणूस आहे, कधी बोलू नये ते त्याला कळतं.

तुझ्या आईच्या तिसऱ्या दिवशी सगळे राख सावडायला गेले होते. मी घरी दाराकडं तोंड करून बसले होते. तेव्हा ही उठण्याची गोष्ट मी ऐकलीही नव्हती. तरी बसले होते.

कोणी आलं नाही.

तर विश्वास नाही, देव नाही, गाणी येत नाहीत. मग जाते काहून? तिथं मागच्या बाजूला, दाराशी, चपलांजवळ सतरंजीचा एक कोपरा आहे. तुझी आई शीला तिथं बसायची. मी तिथं बसते. बस, एवढंच माझं किरिस्तावपण.

आता दाताचं. तुझा बाप दुसरं लग्न करून राह्यला. अक्षय्य तृतीयेचं ठरलं. आर्णीकडची पोरगी, हंसा नाव, अंगानं काडी, तुझ्याहून फार तर सहा वर्षांनी मोठी. पंधरा दिवसांमागं मायबापासोबत घर पाहायला आली. सगळं घर हिंडली आणि मधल्या खोलीशी थांबली. ती खोली आता रिकामीच असते. तिनं भिंतीला हात लावला आणि मला म्हणाली, “आजी, ही खोली किती थंडगार हाय वो. उन्हाळ्यात इथंच निजू.”

मी ओट्यावर जाऊन बसले.

पाहुणे गेल्यावर तुझ्या बापाला, बबनला म्हटलं, “हे लगन होणार नाही. झालं तर मी तोंड उघडीन.” तो जेवत होता. ताट न सोडता त्यानं पितळी तांब्या उचलला आणि माझ्या तोंडावर मारला. मग तोंड धुतलं आणि उरलेली भाकर खाल्ली. माझा दात त्याच्या ताटाजवळ पडला होता, तो मी उचलून फेकला. पोटच्या लेकाच्या घशात अडकायला नको. हसू नको, तेव्हा मी खरंच असा विचार केला. आईपण असंच असतं, कुत्र्याच्या शेपटीसारखं, आपल्या मागं आपणच हलवत फिरतो.

काल रविवार. मी चपलांजवळ बसले होते. पाळक बोलत होते, पेटीवाला पेंगत होता. बबन दारातून आत आला, चपला तुडवत. माझा अंबाडा धरला आणि मला सतरंजीवरून दारापर्यंत ओढत नेलं. पायरीवर माझी कंबर आपटली. नलू मध्ये आली तर तिला त्यानं भिंतीवर ढकललं. तिच्या बांगड्या फुटून मनगटात घुसल्या. आता ती लिहिते आहे त्या हाताला फडकं बांधलं आहे, म्हणून अक्षर वाकडं असेल तर समजून घे. पाळक हात जोडून म्हणत राहिले, “भाऊ, भाऊ.” त्यांच्यात एका गालावर मारलं तर दुसरा गाल पुढं करायचा असतो. माझा बाप्तिस्मा झालेला नाही, मला मुभा आहे. मी पडल्या पडल्या काठी फिरवली, ती त्याच्या नडगीवर अशी बसली की तो कुत्र्यासारखा कळवळला. नडगीऐवजी त्याचा कान फुटला असता तरी मला चाललं असतं.

आणि तेव्हा तो ओरडला. देवळात नव्हे, चर्चात, तीस-चाळीस माणसांसमोर. “बुढे, शीलेसारखी तुलेही कापसात निजवीन!”

पेटीवालाही जागा झाला. तुझ्या बापाला कळलं की आपण काय बोललो. माझे केस सोडले आणि गेला. तेव्हापासून मी नलूच्या ओसरीवर आहे.

आता मी जे टाळत आले तिथं आले. नलू, लेखणी खाली ठेवू नको. हो म्हणाली होतीस.

पोरी, तुझी आई गेली त्या रविवारचं तुला ठाऊक आहे, पण अर्धंच. तू खिडकीतून पाहिलंस. खिडकीच्या अलीकडचं तुला ठाऊक नाही.

त्या साली कापसाला भाव नव्हता. भाव येईल म्हणून सगळ्यांनी घरात कापूस भरून ठेवला. आपली मधली खोली आढ्यापर्यंत भरली होती. तुझ्या अंगाला खाज सुटायची, आठवतं? तुझा बाप एक बंडी भरून खरेदी केंद्रावर घेऊन गेला होता. तीन दिवस रांगेत उभा राहिला, आणि माल परत आला. कवडी आहे म्हणाले, किडका, हलका माल.

त्याच दिवशी चर्चात सुगीचा सण होता. प्रत्येकानं शेतातलं काही आणायचं आणि तिथं त्याचा लिलाव व्हायचा. शीलाकडं न्यायला काय होतं? ती माझ्याकडं आली. आपण पहिल्या वेचणीला शेतात सीतादही करतो ना, दहीभात वाहून, त्या झाडांचा कापूस आपल्या घरी विकत नाहीत, देवाच्या वातींसाठी गाडग्यात ठेवतात. मी गाडगं काढलं आणि तिच्या पदरात ओतलं. म्हटलं, “ने तुह्या येशूले. त्याचीही वात पेटू दे.”

मी दिलं, अर्पिता. तिनं मागितलंही नव्हतं.

दुपारी बबन बंडी घेऊन दारात आला. गावातली चार माणसं जमली. माझ्या जिभेला खाज सुटली. म्हटलं, “बबन्या, तुहा कापूस परत आला, पण तुह्या बायकोनं वातींचा कापूस चर्चात हातोहात खपवला. पुढच्या साली येशूलेच अडत्या कर!” सगळे हसले. खूप हसले. बबनही हसला. मला वाटलं, जमला विनोद.

मग त्यानं बंडीच्या कडेची लाकडी उभारी उपसली आणि आत गेला.

“घरातली लक्ष्मी बाहेर घातली, म्हणून माल परत आला! कोणं दिलं तुले गाडगं?” हे मी ऐकलं. शीला काही बोलली नाही. ‘आईनं दिलं’ एवढं म्हणाली असती तर उभारी बाहेर, माझ्याकडं आली असती. तिला ते ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. ती बोलली नाही, आणि मीही ओट्यावरून उठले नाही.

कापसात आवाज मरतो. बाहेर उभ्या माणसांना वाटलं, आत कोणी गादी झोडपून राह्यलं. मला तसं वाटलं नाही. मी सुपात तूर पाखडत होते. हात थांबला नाही. तिकडं उभारी पडायची, इकडं तूर उडायची.

तू खिडकीपाशी होतीस. तू ओरडणार तेव्हा मात्र मी उठले आणि मागून येऊन तुझ्या तोंडावर हात दाबला. तुला सांगत आले, तुला वाचवायला दाबला. ते खोटं नाही. पण सगळं खरंही नाही. माणसं दारात उभी होती आणि मला घराची लाज होती. तू चावलीस. माझ्या डाव्या अंगठ्यात हाडापर्यंत दात गेले. तरी मी हात काढला नाही.

तू विचारलंस ना, लाज वाटत नाही का? तेव्हाच वाटली होती, पोरी. चुकीच्या जागी.

मग लाल कापूस मी वेगळा काढला आणि चुलीत घातला. ओला कापूस पेटत नाही, नुसता धुमसतो. दोन दिवस घरात धूर होता. डोळे लाल झाले, तर बायका म्हणाल्या, तानाबाई सुनेसाठी किती रडली.

ठाण्यातून माणूस आला. मी सांगितलं, कापसाच्या गंजीवर चढली, शिडी सरकली, उखळावर डोकं आपटलं. तू म्हणालीस, “बाबानं मारलं.” बारा वर्षांची तू, सगळ्यांसमोर, आवाज न कापता. आणि मी तुझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हटलं, “पोरगी भेदरली साहेब, काहीबाही बोलते.” तेव्हापासून तू माझ्याशी बोलली नाहीस. बरोबर केलंस.

माझ्या बाजूनं कोणी म्हणेल, बुढी अडाणी, कागदावर काय लिहिलं तिला काय ठाऊक. त्याचं ऐकू नको. त्या माणसानं मला दोनदा वाचून दाखवलं. मला वाचता येत नाही, ऐकू येतं. ऐकून अंगठा दिला. त्यानं विचारलं, “आजी, अंगठ्याला काय झालं?” म्हटलं, “विळा लागला.”

शीला गेल्यावर सुगीच्या सणाची तिची रिकामी पिशवी नलूनं घरी आणून दिली, आणि म्हणाली, “आजी, तिची जागा आम्ही तशीच ठेवली आहे.” पुढच्या रविवारी मी ती जागा पाहायला गेले. आणि तिथं बसल्यावर मला आठवलं. एकदा मी तिला चिडवलं होतं, “शीले, तुले खरंच वाटते का, मेलेला माणूस उठला म्हणून?” ती भांडी घासत होती. म्हणाली, “आई, मले त्यातलं काही कळत नाही. पण तिथं दोन घंटे माह्या अंगावर कोणी हात टाकत नाही.” मी हसले होते. किती मोठ्यानं हसले होते, ते दर रविवारी चपलांजवळ बसून ऐकते.

काल तीही जागा गेली. तिथंही हात आला. म्हणून आता बसून राहण्यात अर्थ उरला नाही.

परवा बुधवारी मी, नलू आणि पाळक शेअर जीपनं ठाण्यात जाणार. मी पहिला जबाब खोटा म्हणून सांगणार. वरून मला धरलं तर धरू दे, तिथं भाकरी कोणी थापेल ती खाईन, एका दातानं. काल ज्यांनी ऐकलं त्यातले काही साक्षीला येतो म्हणाले, काही आज सकाळी नाही म्हणाले. चालायचंच, विश्वास त्यांचाही माझ्यासारखाच आहे. आर्णीला हंसाच्या मायकडं दुसरं पत्र आजच जाईल. बबन माझा लेक आहे. त्याला माझंच दूध दिलं आणि माझीच जीभ त्याच्या हातात उभारी देऊन गेली. सगळा दोष त्याच्यावर टाकून मी एकटीच वाचणार नाही, आणि मला वाचवायला त्यालाही सोडणार नाही.

तुझ्याकडं काही मागत नाही. माफी मागायला मी चर्चात शिकले नाही, तिथं मागतात ती देवाकडं. ठाण्याची माणसं बाभुळगावला मामाच्या घरी तुझ्याकडं येतील. जे पाहिलंस ते सांग, नाही सांगावंसं वाटलं तर नको सांगू. या वेळी तुझ्या तोंडावर कोणाचा हात नसेल, एवढं मी पाहीन. तू खरं बोलली होतीस. हे नलूनं ठळक लिहावं. तू खरं बोलली होतीस.

पांढऱ्या शेळीची दोन्ही पिल्लं तुझी. नावं तूच ठेव.

खाली माझा अंगठा आहे. ठशाच्या मधोमध आडवी पांढरी रेघ दिसेल, तिथं शाई धरत नाही. ठाण्यातल्या कागदावरही ती रेघ आहे, तेव्हा ताजी होती. ती माझी नाही, पोरी. तुझ्या दातांची आहे. तेव्हा तूच सही केली होतीस, मी फक्त हात दिला होता.

तुझी, तू म्हणशील तर, आजी,
तानाबाई
(डाव्या हाताचा अंगठा)